ठकूचा कोनाडा

नाळेत उतरायच्या आधी इथं जरा बसा. घाई नको. ऊन अजून नाळेत शिरलेलं नाही, तोवर आपल्याला वेळ आहे. पाणी प्या, बुटांच्या नाड्या आवळून घ्या. ताई, तुम्ही तेवढ्या त्या गोल दगडावरून उठा आणि इकडं सावलीला या. नाही, रागवत नाही मी. त्या दगडाचं मागून सांगतो.

ही वाट, म्हणजे आमची नाळ, कातळाच्या चिरेतून घाटमाथ्यावरून खाली कोकणात जाते. खालच्या गावापर्यंत चार तास लागतात, बसत-उठत गेलं तर पाच. आता तुमच्यासारखी मंडळी दर रविवारी येतात. कुणीतरी दगडांवर पांढऱ्या रंगाचे बाण काढून ठेवलेत. बाण बरोबर आहेत, वाट चुकत नाही. पण वाटेनं कसं जायचं ते बाणाला सांगता येत नाही, म्हणून वाडीतलं एक म्हातारं माणूस सोबत घ्यायची पद्धत आहे. आज ते मी आहे.

पहिला उतार सोपा आहे, करवंदीच्या जाळ्यांतून जातो. मग दोन्हीकडचा कातळ जवळ जवळ येत जातो आणि एका वळणावर वाट घशात शिरते. आम्ही त्या जागेला घसाच म्हणतो. अडीचशे पावलं लांब. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. वर बघाल तर आभाळाची एक चिंधी दिसते, आणि ती पण सरळ नाही. तिथं वारा येत नाही. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, मागं फिरावं.

त्या घशाच्या मध्यावर, उतरताना डाव्या हाताला, तांबड्या दगडात कोरलेला एक कोनाडा आहे. पुरुषभर उंच, बैलाच्या लांबीएवढा लांब, आणि खोलीला पुरते दोन हात नाही. आपल्यातला पहिला माणूस तिथं पोचला की कोनाड्यात भिंतीला पाठ लावून उभा राहील. बाकीच्यांनी एकेक करून त्याच्या समोरून जायचं, आणि जाताना विचारायचं, ‘आहेस का?’ तो म्हणेल, ‘आहे.’ ते कानानं ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. सगळ्यात शेवटच्यानं त्याचा हात धरून त्याला बाहेर काढायचं आणि सोबत न्यायचं. मागच्या खेपेला एक पोरगा हसून म्हणाला, “बाबा, शाळेसारखी हजेरी घेता काय?” मी म्हटलं, “शाळा मला माहीत नाही. पण हजेरीच म्हण.”

तर ही हजेरी का, ते सांगतो. फार जुनी गोष्ट आहे. माझ्या आज्यानं मला सांगितली, त्याला त्याच्या आज्यानं. त्याच्या मागचं कोण जाणे.

त्या काळी घाटावर मीठ यायचं ते लमाणांच्या बैलांवरून. तांडेच्या तांडे कोकणात उतरायचे, मिठागरावर गोण्या भरायचे आणि ह्याच नाळेनं वर चढायचे. त्यातला एक तांडा होता रूपला नाईकाचा. बत्तीस बैल आणि सोळा माणसं, दोन बैलांमागं एक. नाईक सगळ्यांच्या पुढं आणि त्याची बायको धानी सगळ्यांच्या मागं, अशी त्यांची चाल. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या. सगळ्यात पुढचा बैल देवाचा. त्याच्या पाठीवर गोणी नाही, नुसती झूल. त्या लोकांची अशी आण होती, की देवाचा बैल बसला म्हणजे तांडा बसला. तो आपणहून उठेपर्यंत कुणी पुढं जायचं नाही आणि त्याच्यासमोर रक्त सांडायचं नाही.

ओझ्याचा बैल घशात शिरला की त्याला वळता येत नाही. मागं पावलं टाकत यायचं म्हटलं तर वाटेत ढोपराएवढ्या पायऱ्या आहेत, त्या जनावराला उलट्या उतरता येत नाहीत आणि चढता तर मुळीच येत नाहीत. म्हणून नाळेचा एक कायदा होता. घशाच्या वरच्या तोंडाला आणि खालच्या तोंडाला एकेक वाजणारा दगड होता. ठोकला की काशाच्या थाळीसारखा वाजायचा. वरचा एका पावसाळ्यात दरडीबरोबर गेला, खालचा तुम्हाला दाखवतो. शिरायच्या आधी तीन ठोके द्यायचे. पलीकडून तीन ठोके आले तर बसून राहायचं, नाही आले तर शिरायचं.

आता ठकूचं सांगतो. ठकू टाकारीण होती. टाकारी म्हणजे जात्याला टाकी लावून देणारी माणसं. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग त्याला छिन्नीनं बारीक टोचे पाडावे लागतात. ती छिन्नी म्हणजेच टाकी. ठकूच्या मागं-पुढं कुणी नव्हतं. एक बैल होता, कवड्या. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, कवड्या उधळल्यासारखे. वासरू असताना तो तिला एका घरानं टाकी लावण्याच्या बदल्यात दिला, जगणार नाही म्हणून. तिनं तो भाताच्या पेजेवर जगवला. त्याच्या पाठीवर दोन नवी जाती लादून ती दर वर्षी कोकणात उतरायची, विकून यायची. बोलायची ती त्याच्याशीच.

त्या वर्षी चैत्रात ती सकाळी इथं येऊन पोचली. आपण बसलोय ना, इथंच. एका जात्याचं काम थोडं राहिलं होतं. म्हटलं, ते उरकून उतरू. बसली आणि टाकी चालवू लागली. टिक, टिक, टिक.

त्याच वेळी खाली रूपला नाईकानं दगड वाजवला. तीन ठोके. वरून ठोके आले नाहीत, पण टाकीचा आवाज आला. नाईक शहाणा माणूस, सगळ्या दगडांचे आवाज ओळखणारा. तो म्हणाला, वर टाकारी कामाला बसलाय. हातात काम असलेलं माणूस चालत नसतं. आणि त्यानं तांडा आत घातला.

इकडं ठकूचं काम झालं. तिनं कवड्याला लादलं. दगड काही वाजवला नाही. म्हणे, सकाळपासून मी इथंच बसलेय, कुणी ठोके दिले असते तर ऐकले नसते का? पण टाकारणीचा कान म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. जन्मभर दगडाशी झोंबून तो चाळिशीतच मंद होतो, आणि टाकी चालू असली की त्यात दुसरं काही शिरत नाही. घुंगरं तिला ऐकू आली तेव्हा ती घशाच्या आतल्या वळणावर होती. पुढच्या पावलाला कवड्याचं नाक देवाच्या बैलाच्या नाकाला लागलं.

एक बैल उतरणारा आणि बत्तीस चढणारे, घशाच्या ऐन मध्यात.

नाईक म्हणाला, “बाई, दगड नाही वाजवलास?”

“तू वाजवलास?”

“तीन ठोके दिले. वरून टाकी ऐकू आली. म्हटलं, कामात आहे माणूस.”

“काम कधी संपतच नाय व्हय, बाबा?” ठकू म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, “नाईक, टाकारणीचा कान आणि फुटकं मडकं, भरून काय उपयोग?” माणसं हसली. अजून हसण्याइतका धीर होता त्यांच्यात.

मग खटपट सुरू झाली. कवड्याची जाती उतरवली. दोन गडी त्याच्या पोटाखालून पलीकडं गेले आणि शेपटीकडून त्याला मागं वर ओढू लागले. एक पायरी कसाबसा चढला. दुसरीला मागचा खूर खाचेत अडकला आणि तो असा हंबरला, की तांड्यातले सगळे बैल एकदम पुढं रेटले. भिंतीला गोण्या घासल्या, मीठ सांडलं. सोडून दिलं ते.

दुपार झाली. सूर्य त्या चिंधीवर आला, आणि घसा भट्टीसारखा तापला. बैल दोन दिवसांचे तहानलेले, पाणी आता वर सपाटीवर, कातळात खोदलेल्या टाक्यातच मिळणार. नाईकानं वर पाहिलं, मागं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, एकाला बाजूला करावं लागेल.”

“बाजू कुठाय?” ठकू म्हणाली.

नाईकानं कवड्याकडं पाहिलं. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.

“तुझे बत्तीस हायत,” ठकू म्हणाली. “त्यातला एक गेला तर एकतीस ऱ्हातील. माझा एक गेला तर किती ऱ्हातील, ते तूच मोज.”

नाईक निर्दय नव्हता. असं सांगतात, की त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यानं कुऱ्हाड उचलली. आणि तेवढ्यात देवाच्या बैलानं पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि कवड्याच्या पायाशी तो खाली बसला.

नाईकानं कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली. देवाचा बैल बसला, तांडा बसला. त्या उतारावर, ओझ्यासकट, उभ्या उभ्या बसला. मागं जाता येत नाही आणि पुढं जायचं नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या. अडकले होते ते बैल. माणसं मोकळी होती. पोटाखालून सरपटत कवड्याच्या पलीकडं गेलं की वर सगळी वाट रिकामी होती. कुणालाही जाता आलं असतं, आणि गेलं तर कुणी बोल लावला नसता. पण सोळा माणसांतलं एकही गेलं नाही. वर जायचे ते टाक्यातलं तळाचं पाणी चामड्याच्या पिशवीत भरायला, आणि पुन्हा सरपटत खाली यायचे. मला वाटतं, दार बंद असलं की माणूस दाराला शिव्या देतो. दार उघडं असून जाता येत नाही, तेव्हा शिव्या कुणाला देणार?

ठकू कवड्याच्या मानेशी बसली होती. बसल्या बसल्या तिनं सवयीनं हातोडी भिंतीवर टेकवली. टक. पुढं सरकून परत, टक. तिचा कान माणसांना मंद होता, दगडाला नव्हता. डाव्या भिंतीला खांद्याच्या उंचीवर तिला बोदा, बद्द आवाज लागला. तिनं वरचा काळा पापुद्रा फोडला. आत तांबडा दगड निघाला, नखानं ओरखडा उठेल असा. आमच्या डोंगरात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये असा तांबडा थर कुठं कुठं असतो.

ती नाईकाला म्हणाली, “बाजू नाय म्हणालास ना? करू मग.”

तिच्याजवळ सात टाक्या होत्या. दोघांना मिळून काम करायला तिथं जागा नव्हती. दोन बैलांच्या तोंडांमध्ये एक माणूस वाकून उभं राहील एवढीच जागा, आणि मानेवर त्यांचे गरम श्वास. नाईकाचे गडी पाळीपाळीनं हातोडी मागायचे, पण टाकी धरायची त्यांना सवय नव्हती. दोन टाक्या त्यांनी मोडल्या, तेव्हा तिनं हातोडी परत घेतली. माती-दगड ते पोटाखालून वर ओढून न्यायचे. धानी शेवटून पहिल्यापर्यंत बत्तीस बैलांच्या पोटाखालून रांगत यायची, प्रत्येकाची जीभ ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग ठकूला पाणी द्यायची. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. धानी म्हणायची, “याडी, जरा दम घे.”

“दम बैलांनी धरलाय गं. मी कुठनं घेऊ?”

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. दुसऱ्या दिवशी मागून हसण्याचे आवाज बंद झाले. बैल खाली सांडलेलं मीठ चाटायला लागले आणि त्यानं त्यांची तहान आणखी पेटली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन बैल गुडघ्यांवर आले. त्याच घटकेला ठकूची शेवटची टाकी मुळातून मोडली.

कोनाडा कवड्याच्या अंगापुरता झाला होता. त्यापेक्षा बोटभर जास्त नाही.

देवाचा बैल अजून बसलेलाच होता. ठकूनं कवड्याला कोनाड्याकडं वळवलं. तो जाईना. अंधारी, अरुंद, नव्या मातीच्या वासाची जागा. ढकललं, ओढलं, चारी पाय रोवून उभा राहिला. जनावर तसल्या जागेत शिरत नाही, धनी आत असल्याशिवाय. मग ठकू आधी आत गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिनं हाक मारली, “ये रे कवड्या.” तो आला. त्यानं अंग चोरून घेतलं आणि तिच्या छातीला कूस लावून उभा राहिला.

नाईक म्हणाला, “बाई, एवढ्यात दोघं मावायची नाहीत.”

“जात्याच्या दोन दगडांत दाणा मावतो का नाय?”

“तू पोटाखालून बाहेर ये.”

“माझा हात मानेवरनं निघाला की हा भाईर येतोय. मग परत तीन दिस. तुझी जनावरं तीन दिस नाय काढायची. ने तू तांडा.”

आणि देवाचा बैल उठला. कुणी उठवला नाही त्याला.

नाईकानं पाठीवरच्या गोण्या उंच बांधून घेतल्या आणि तांडा हलला. कवड्याच्या आड ठकू दिसत नव्हती. देवाच्या बैलाबरोबर नाईक समोर आला तेव्हा त्यानं विचारलं, “आहेस का, बाई?”

आतून आवाज आला, “हाय.”

दुसऱ्या गड्यानं विचारलं, “आहेस का?” “हाय.” तिसऱ्यानं विचारलं. “हाय.” प्रत्येक बैल जाताना कवड्याच्या बरगड्यांना घासायचा, आणि कवड्या आत रेटला जायचा.

पुढचे बैल घशाच्या बाहेर पडले आणि त्यांना वरच्या टाक्यातल्या पाण्याचा वास आला. त्यांनी धाव घेतली. त्यांच्या घुंगरांनी मागच्यांना कळलं आणि मागचे रेटू लागले. त्या अरुंद जागेत घुंगरांचा असा कल्लोळ झाला, म्हणे, की माणसाला आपलंच बोलणं ऐकू येईना. गडी बैलांच्या शेपट्या धरून पळत होते. मधल्या गड्यांनी विचारलं नाही. एकाला वाटलं, पुढच्यानं विचारलंय. दुसऱ्याला वाटलं, मागचा विचारील. तिसऱ्याला वाटलं, विचारून तरी ऐकू कुठं येणार.

सगळ्यात शेवटी धानी आली. तिचे दोन्ही बैल पुढं गेले आणि घुंगरांचा आवाज वर वर विरत गेला. घसा एकदम गप्प झाला. कवड्या जागेवर उभा होता, जराही हलला नव्हता. धानीनं विचारलं, “आहेस का, याडी?”

ती थांबली. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कवड्यानं मान वळवून आत पाहिलं.

ठकू उभीच होती. पाठ भिंतीला आणि एक हात कवड्याच्या मानेवर. तो हात धानीला सोडवावा लागला.

वर ह्या सपाटीवर नाईक बैल मोजत होता. बत्तीस भरले. धानी कवड्याला कोनाड्यापाशी वळवून वर घेऊन आली, तिनं नाईकाला काही सांगितलं नाही. ती नाईकापासून एकेका माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि प्रत्येकाला विचारलं, “तू विचारलंस?” पहिले पाच हो म्हणाले. सहाव्यानं मान खाली घातली. मग सातव्यानं. नाईकाला तेव्हा कळलं. त्यानं स्वतःच्या हातांनी बत्तीस बैलांच्या घुंगरमाळा सोडल्या आणि त्या टाक्याशेजारी पुरल्या. त्यानं शपथ घातली, की ह्या नाळेत माझ्या तांड्याचं घुंगरू वाजणार नाही, आणि माझं माणूस विचारल्याशिवाय तिच्या समोरून जाणार नाही. कवड्याच्या पाठीवर पुढं कुणी ओझं टाकलं नाही. तो देवाच्या बैलाबरोबर झूल घालून चालायचा. कोनाड्याशी आला की आपणहून आत शिरून उभा राहायचा आणि सगळा तांडा समोरून गेल्यावरच निघायचा.

आता लमाणांचे तांडे येत नाहीत. मीठ दुकानात मिळतं. पण आमच्या वाडीतलं माणूस आजही नाळ उतरताना कनवटीला चिमूटभर मीठ घेतं आणि कोनाड्यात ठेवतं. माकडं, भेकरं ते चाटून जातात. चाटून चाटून खालचा दगड आरशासारखा झालाय, हात लावून बघा. शेळ्या नेताना आजही त्यांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये गवत कोंबतात. तुमच्या फोनवरची गाणीही तेवढा वेळ बंद ठेवा. आणि तो गोल दगड, ताई, तो तिच्या दोन जात्यांमधला एक आहे, त्या सकाळी तिनं टाकी लावली तो. बोटं फिरवा, टोचे अजून लागतात. त्यावर कुणी कधी दळलं नाही.

तुमच्यातला कुणीतरी विचारील, सहाव्या गड्यापासून विचारलं नाही, मग ठकू कितव्या बैलाला गेली? ते कुणालाच माहीत नाही. पाच जणांना ती ‘हाय’ म्हणाली, एवढंच माहीत आहे. कदाचित सहाव्यानं विचारलं असतं तर तांडा थांबला असता. कदाचित दहाव्यानं. कोणाच्या विचारण्यानं ती वाचली असती ते कळायला वाट नाही, म्हणून आम्ही एकालाही सोडत नाही.

चला, उठा आता. ऊन शिरायच्या आत घसा ओलांडायचाय. कोनाड्यात मी उभा राहतो. तुम्ही अकरा जण आहात, अकराही जणांनी विचारायचं. मोठ्यानं विचारा, मला कमी ऐकू येतं. मी म्हातारा आहे, उत्तर द्यायला जरा वेळ लागेल. थांबा तेवढं.

तुम्हाला खालच्या गावात पोचवलं की मी एकटाच परत चढतो. तेव्हा कोनाडा रिकामा असतो. तरी आजही मी समोर उभा राहून विचारतो, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ थांबतो. मगच वर येतो.